झेंडा लावूनही बोट डोक्यावरून गेली, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्र नियमित स्कूबा डायव्हिंग करतात. बोट नांगरून, तिच्यावर पांढऱ्या तिरक्या पट्ट्याचा लाल झेंडा लावूनच पाण्यात उतरतात. मागच्या खेपेला त्यातले तिघं पाच मीटर खोलीवर सेफ्टी स्टॉप करत असताना (म्हणजे वर येण्यापूर्वी अंगातला जादा वायू निघून जावा म्हणून काही मिनिटं थांबलेले असताना) एक स्पीडबोट झेंड्यापासून जेमतेम वीस मीटरवरून, थेट त्यांच्या डोक्यावरून पूर्ण वेगात गेली. झेंडा असूनही असं का होतं? मोठा झेंडा घ्यावा, हॉर्न ठेवावा, की सरळ तक्रार करावी?

तुम्ही तिघं धडधाकट वर आलात हे वाचून जिवात जीव आला. पाच मीटरवर थांबला होता म्हणून वाचलात. अर्धा मिनिट आधी निघाला असता तर हा प्रश्न विचारायला कोण उरलं असतं, सांगता येत नाही.

मी बावीस वर्षं डायव्हिंग शिकवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं बोटही चालवली आहे. म्हणजे पाण्याखालून वर बघणारा आणि सुकाणू धरून पुढे बघणारा, दोन्ही मीच. त्यातून पक्कं झालेलं मत आधीच सांगतो. येणाऱ्या बोटवाल्याने तुम्हाला पाहिलेलंच नाही, असं धरून डाइव्ह आखायची. झेंडा लावायचाच, तक्रारही करायची, पण जीव त्यांच्या भरवशावर ठेवायचा नाही.

आधी बोटीवरून काय दिसतं ते बघा. पृष्ठभागावर आलेल्या डायव्हरचं पाण्याबाहेर फक्त डोकं असतं, फार तर पंचवीस-तीस सेंटिमीटर. त्यावर काळं हूड, म्हणजे डोक्याला घट्ट बसणारी टोपी. अर्ध्या मीटरच्या साध्या लाटेतही ते निम्मा वेळ लाटेआड जातं. स्पीडबोट वेग घेताना तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं जातं आणि चालकाला समोरचा बराच मोठा पट्टा दिसतच नाही. सूर्य समोर असेल तर पाण्यावरच्या चकाकीत डोकं काय, छोटी होडीसुद्धा हरवते. आता वेग धरा. 25 नॉट म्हणजे तासाला साधारण 46 किलोमीटर, सेकंदाला जवळपास 13 मीटर. चालकाला तुमचं डोकं शंभर मीटरवर दिसलं, तरी त्याच्याकडे आठ सेकंदही नसतात. दिसलेलं डोकं आहे की तरंगती बाटली, हे ठरवण्यातच त्यातली तीन-चार जातात.

एका धक्क्यावर मी भाड्याच्या बोटी आणि जेट स्की चालवणाऱ्या मुलांना हे करून दाखवलं होतं. डोक्याएवढा काळा प्लास्टिकचा कॅन दोरीला दगड बांधून पाण्यात सोडला आणि म्हटलं, शोधा. कॅन कुठल्या बाजूला आहे हे माहीत असूनही दोघं जण त्याच्या अगदी जवळून निघून गेले. तिसऱ्याला सापडला, कारण त्याने वेग मुंगीच्या चालीवर आणला. परत आल्यावर त्यातला एक बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, “म्हणजे मी आजवर किती जणांच्या वरून गेलो असेन?” त्यानंतर त्या धक्क्यावरच्या मुलांना मी बेफिकीर म्हटलेलं नाही. त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. खरोखर मग्रूर, दारू पिऊन बोट हाणणारे असतात, पण माझ्या अनुभवात अज्ञानी जास्त असतात, आणि अज्ञानावर इलाज करता येतो.

आता खालची बाजू. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त. हवेत एका कानाला आवाज किंचित आधी पोचतो आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात तो फरक इतका कमी होतो की दिशा कळतच नाही. इंजिनाची घरघर चहूकडून, किंवा थेट डोक्याच्या आतून आल्यासारखी वाटते. म्हणून “आवाज डावीकडे गेला, आता वर जाऊ” हा हिशोब कधीही करू नका. आवाज वाढतोय की कमी होतोय एवढंच धरायचं. वाढत असेल, किंवा शंका असेल, तर आहात तिथेच थांबायचं.

वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटर धरला, तर पाच मीटरवरून पृष्ठभागापर्यंत यायला तेहेतीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात 25 नॉटने धावणारी बोट सुमारे 430 मीटर कापते. म्हणजे तुम्ही निघालात तेव्हा जी बोट अर्ध्या किलोमीटरच्या आत कुठेतरी होती, ती तुम्ही डोकं बाहेर काढता त्या क्षणी तुमच्यावर असू शकते. सेफ्टी स्टॉप संपला की डाइव्ह संपली असं बहुतेकांना वाटतं. बोटींचा विचार केला तर धोक्याचा भाग तिथून सुरू होतो.

झेंड्याबद्दल. दोन झेंडे चालतात आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. तुमचा लाल झेंडा 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जन्मला. त्याचा अर्थ, इथे आसपास पाण्याखाली माणूस आहे. दुसरा निळा-पांढरा, शेपटीला खाच असलेला अल्फा झेंडा, आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेतला. तो म्हणतो, माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा आणि सावकाश जा. तो बोटीबद्दल बोलतो, म्हणजे ही बोट पटकन बाजूला होऊ शकत नाही. 1972 च्या टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांत 27 व्या नियमाखाली, डायव्हिंगच्या कामावरच्या लहान बोटीने या अल्फा झेंड्याची किमान एक मीटर उंचीची ताठ प्रतिकृती सगळीकडून दिसेल अशी लावावी, असं लिहिलंय. रात्री त्याच जागी एकाखाली एक लाल, पांढरा, लाल असे तीन दिवे. मी दोन्ही झेंडे लावतो. व्यापारी जहाजावरच्या माणसाला अल्फा कळतो आणि हौशी बोटवाल्याला, कळलाच तर, लाल कळतो.

मोठा झेंडा घ्या, पण त्याआधी तुमचा आत्ताचा झेंडा लांबून बघा. वारा पडला की कापडी झेंडा काठीला लोंबतो आणि वाळत घातलेल्या टॉवेलसारखा दिसतो. वरच्या कडेला आडवी काठी घातली की प्रश्न मिटतो. बोटीच्या सगळ्यात उंच जागी लावा. छताखाली नाळेवर लावलेला झेंडा मागून येणाऱ्याला दिसत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात हे सगळं मोजून दिलंय: बोटीवरचा झेंडा किमान 20 बाय 24 इंच, उघड्या पाण्यात इतर बोटींनी त्यापासून 300 फूट, तर नदीत, खाडीच्या मुखाशी आणि जहाजमार्गात 100 फूट लांब राहण्याचा प्रयत्न करायचा. त्याहून जवळ यावंच लागलं तर बोट जेमतेम पुढे सरकेल एवढाच वेग. हा कायदा डायव्हरलाही बांधतो: तुम्हीही झेंड्यापासून तेवढ्याच अंतराच्या आत वर यायचं असतं. तुमच्या पाण्यातले आकडे वेगळे असतील, ते बघून घ्या. पण 300 फूट म्हणजे 91 मीटर. प्रवाहात वाहत जाऊन दीडशे मीटरवर डोकं काढलं, तर त्या झेंड्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. आणि कुणी पाण्यात नसताना झेंडा वर ठेवू नका. शोभेसाठी दिवसभर फडकणारे झेंडे बघून बघूनच बोटवाले त्याकडे काणाडोळा करायला शिकतात. धक्क्यावर परतणाऱ्या डाइव्ह बोटींवर झेंडा तसाच फडकताना दिसला की मला खरंच राग येतो. त्याची किंमत दुसरंच कुणी मोजतं.

झेंडा बोटीची जागा सांगतो, तुमची नाही. ती सांगतो सॉसेज, म्हणजे खालून वर सोडायचा फुगणारा नारिंगी बोया. तुम्ही पाठवलेल्या सामानाच्या यादीत तो नाही. सगळ्यात आधी तो घ्या, प्रत्येक जोडीला किमान एक, आणि माझं ऐकाल तर प्रत्येकाला एक. उंची दीड मीटरच्या वर हवी. मीटरभराचे छोटे, खिशात मावणारे मिळतात, पण लाटेत ते अर्धे झोपतात. डोकं तीस सेंटिमीटर आणि सॉसेज दीड मीटर, हा फरक बोटीवरून बघितला की पटतो.

तो वर पोचल्यावर सोडण्यात फारसा अर्थ नाही. सेफ्टी स्टॉपच्या आधी, दहा-बारा मीटरवर असतानाच सोडा. मग तुमची तीन मिनिटं संपेपर्यंत वरच्या बोटींना तो दिसत राहतो, तुमच्या बोटीवरच्या माणसालाही तुम्ही कुठे निघणार ते कळतं, आणि त्याच्या दोरीला धरून खोली सांभाळणंही सोपं जातं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे अर्धा भरलेला सॉसेज वर पोचेपर्यंत पूर्ण फुगतो. सोडण्यापूर्वी वर बघा. तुमच्याच बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या अंगावर किंवा जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात दोरी गेली, तर संरक्षणाच्या साधनानेच अपघात होईल.

नवशिक्यांचा हात इथेच चुकतो. रील (दोरी गुंडाळलेली चकरी) स्वतःच्या बीसीडीला, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाला, अडकवून सॉसेज फुगवतात, दोरी अडते आणि सॉसेज त्यांनाच खेचून वर नेतो. नेमकं जिथे जायचं नाही तिथे, आणि जीवघेण्या वेगाने. रील कायम हातात, अंगापासून लांब, कुठेही न अडकवलेलं. अडकलं तर सोडून द्या. रील पुन्हा मिळतं. मी शिकवताना सुटसुटीत स्पूल, म्हणजे दोरीची नुसती फिरकी, देतो, कारण त्यात अडकायला भागच कमी असतात. आणि आधी उथळ, बोटी नसलेल्या पाण्यात वीसएक वेळा सराव करा. तरंगण्याचा तोल न ढळता दोन्ही हात कामात गुंतवता आले की समजा जमलं.

आता शेवटचे पाच मीटर. शक्य असेल तिथे नांगराच्या किंवा बोयाच्या दोरीनेच वर या. दोरीच्या वर बोट असते आणि दुसरी बोट तिच्यातून जात नाही. दोरी नसेल तर सॉसेजच्या खाली. निघण्यापूर्वी पूर्ण थांबा, श्वास नेहमीसारखा चालू ठेवत सगळे जण कान द्या. बुडबुड्यांचा आवाज आड येतो, म्हणून दोन श्वासांमधल्या शांततेत ऐका. निघाल्यावर एक हात वर, नजर वर, सावकाश स्वतःभोवती पूर्ण फिरत. डोकं बाहेर आल्यावर बडीला काही सांगण्याआधी आणखी एक पूर्ण गिरकी घेऊन सगळं पाणी बघा. रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारा भाग) तोंडात आणि मास्क डोळ्यांवर, बोटीवर चढेपर्यंत. वर येताच मास्क कपाळावर सारून गप्पा मारण्याची सवय मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लागू देत नाही, आणि त्यामागचं मुख्य कारण बोटीच आहेत.

वर असताना बोट येताना दिसली तर? तीनशे मीटरवर असेल तर तुमच्याकडे वीसेक सेकंद आहेत. सॉसेज उभा धरा, हलवा, हॉर्न वाजवा. पण इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला तुमची शिट्टी ऐकू जाईल याची खात्री धरू नका. तुमचा हॉर्नचा प्रश्न होता, त्याचं उत्तर एवढंच: ठेवा, बीसीडीच्या नळीला जोडायचा हवेच्या दाबावरचा असेल तर उत्तम, पण तो तुमच्या स्वतःच्या बोटीला बोलावण्यासाठी जास्त कामाचा. समोरची बोट वळत नाही असं दिसलं की लगेच खाली जायचं. वाट बघायची नाही, कारण फुगलेल्या बीसीडीने कुणीही पटकन बुडत नाही. डोकं खाली करून कमरेतून वाका आणि पाठीमागच्या खालच्या झडपेची दोरी ओढा. उलटं झाल्यावर हवा तिथेच जमा होते, खांद्यावरच्या नळीतून ती निघत नाही. तीन-चार मीटर खाली गेलात की लहान बोटीच्या पंख्यापासून सुटलात. हे करता यावं म्हणून वर येताना टाकीत 50 बार (हवेच्या दाबाचं एकक) हवा उरलेली हवी. रिकाम्या टाकीने वर आलेला डायव्हर पुन्हा खाली जाऊ शकत नाही.

आरक्षित क्षेत्र आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. ब्रिटिश गायिका कर्स्टी मॅकॉल 18 डिसेंबर 2000 रोजी मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाजवळ आपल्या दोन मुलांसोबत डाइव्ह करून वर आल्या. मोटरबोटींना मनाई असलेलं, डायव्हरसाठी राखलेलं पाणी होतं. वेगात येणारी बोट दिसताच त्यांनी मुलाला बाजूला ढकललं आणि स्वतः तिच्याखाली सापडल्या. त्या जागीच गेल्या. नकाशावरची रेषा, फलक, कायदा, सगळं होतं. मुलगा वाचला तो आईने त्या क्षणी पाहिलं म्हणून.

पंख्याबद्दल थोडं, कारण अनेकांना त्याची कल्पना नसते. मिनिटाला 1500 फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला 75 वेळा कापतो. एका ठिकाणी एकच जखम होत नाही, रांगेने होतात. पंख्याभोवती जाळी बसवली की झालं असंही नाही. सावकाश चालताना ती हात-पाय वाचवू शकते, पण पूर्ण वेगात बोटीचा तळ आणि इंजिनाचा पायच डोकं फोडायला पुरेसा असतो.

यात एक अप्रिय गोष्ट आहे: पंखा आपल्याच बोटीचाही असतो. डायव्हर शिडीशी आले की इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. न्यूट्रलमध्येही काही इंजिनांचा पंखा हळूहळू फिरत राहतो, आणि एखाद्याची कोपराची धडक लागून गिअर पडल्याचं मी स्वतः पाहिलंय. त्या दिवशी शिडीवर कुणी नव्हतं, केवळ नशीब. डायव्हरनेही बोटीवरून खुणेने बोलावल्याशिवाय बोटीच्या मागच्या बाजूला जायचं नाही. उचलायला येणाऱ्या चालकाने डायव्हर आपल्याला दिसेल अशाच बाजूला ठेवायचा आणि काही मीटर आधीच पंखा थांबवायचा.

तुम्ही पाच जण आहात आणि लिहिण्यावरून वाटतं की पाचही जण एकदम पाण्यात होता. हे बदला. एक जण कायम वर, मोबाइल बाजूला ठेवून, फक्त टेहळणीला. त्याच्याकडे मोठ्या आवाजाचा हॉर्न, दुर्बीण आणि चॅनल 16 वर, म्हणजे बोटींच्या संकट आणि हाकेच्या चॅनलवर, लावलेला रेडिओ. लांबून येणारी बोट दिसली की रेडिओवर शांतपणे सांगायचं, इथे डायव्हर खाली आहेत, अमुक बाजूने लांबून जा. उत्तर नाही आलं तर हॉर्न, आणि झेंड्याकडे हाताने दाखवत राहायचं. शिव्या घालायच्या नाहीत, अंगावर बोट घालायची नाही. पाठलागाच्या भरात आपलीच बोट आपल्या माणसांवरून गेली तर काय करणार? पाण्यातल्यांना धोका कळवण्यासाठी आधी ठरवलेली खूण हवी. आम्ही शिडीच्या लोखंडी दांड्यावर पाण्यात हातोडीने पाच ठोके देतो. त्याचा अर्थ, वर येऊ नका.

तक्रार जरूर करा, पण पुराव्यासह. टेहळणी करणाऱ्याने बोटीचा नोंदणी क्रमांक, रंग, वेळ आणि जीपीएसवरची जागा लिहून ठेवायची, आपला झेंडा आणि ती बोट एकाच चौकटीत येईल असा व्हिडिओ काढायचा. “कुणीतरी जोरात गेलं” यावर कुठलाही अधिकारी काही करू शकत नाही. टक्करप्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम सतत डोळे-कान उघडे ठेवायला सांगतो आणि सहावा सुरक्षित वेग ठेवायला. तक्रारीत हे दोन्ही लिहा. आणि त्याच आठवड्यात धक्क्यावर जाऊन त्या बोटवाल्यांना भेटा. सॉसेज उघडून दाखवा, झेंड्याचा अर्थ सांगा, हवं तर माझ्यासारखा काळा कॅन पाण्यात सोडा. ज्यांना आपण शत्रू म्हणतो त्यातले बरेच पुढच्या वेळी लांबूनच हात करून वेग कमी करतात.

रात्री डाइव्ह करत असाल तर सॉसेजच्या आत टॉर्च लावून तो आतून उजळवा, आणि प्रत्येकाच्या टाकीला दिवा.

बोटीवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीत आत्ता काय आहे ते उघडून बघा. पट्ट्या आणि मलम असेल. पंख्याच्या जखमेत माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो, तिथे मलमाचा उपयोग नाही. दोन तयार टुर्निके (रक्त थांबवायला हात-पाय आवळणारे पट्टे), मोठे दाबपट्टे आणि ऑक्सिजन हवा. हाता-पायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर न येऊ देता टुर्निके बांधायचा, रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि बांधल्याची वेळ जखमीच्या कपाळावर लिहायची. मग तो रुग्णालयात पोचेपर्यंत सैल करायचा नाही. मांडीच्या मुळाशी किंवा काखेत जखम असेल, तर कापड आत कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरायचं. आणि डॉक्टरांना सांगायचं की हा डाइव्ह करून आलाय, किती खोल आणि किती वेळ, कारण घाबरून झपाट्याने वर आलेल्या माणसाला जखमेबरोबर फुप्फुसाची इजाही असू शकते. पुढच्या डाइव्हच्या आधी पाचही जणांनी टुर्निके एकमेकांच्या पायाला बांधून बघा, एकदा ओल्या हातांनी आणि एकदा डोळे मिटून.